खांबाची चौथी बाजू

बैसाणेबाई भांडत नसत. कॉलेजात कुणी त्यांच्याशी आगळीक केली की त्या चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या, पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या लक्षात आहे." बस, एवढंच. आवाजसुद्धा चढत नसे. पण हे वाक्य ऐकून आमचा हेडक्लार्क एकदा दोन दिवस रजेवर गेला होता.

मी त्यांच्याच कॉलेजात, धुळ्याला, इतिहास शिकवायचो. त्या संस्कृत शिकवायच्या. दोन्ही विषयांना पोरं कमी, म्हणून स्टाफरूमच्या कोपऱ्यात आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी पडल्या. मला स्वतःला डूख धरणारी माणसं आवडतात. क्षमाशील माणसाजवळ बसलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं. बाईंजवळ ती भीती नव्हती. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. शोकसभेत एका वक्त्याने त्यांना 'करुणामूर्ती' म्हटलं, तेव्हा मी उठून बाहेर येऊन चहा प्यायलो. बाई असत्या तर त्यांनी चष्मा पुसला असता.

बुटक्या, काळ्यासावळ्या, सुती साडी, पायात रबरी तळाच्या चपला. डबा खाताना पाव भाकरीवर हात थांबायचा. "भूक नाही," म्हणायच्या. त्यांना भूक लागलेली मी बरीच वर्षं पाहिली नाही. नखांच्या कडेला मात्र काळ्या शाईची रेघ कायम असे. आणि दगड दिसला की बोट फिरवायची खोड. मंदिराची पायरी असो, पुलाची कोनशिला असो, त्या थांबून बोट फिरवणारच. "डोळे फसतात चौधरी," मला म्हणायच्या, "बोट नाही फसत."

त्या मूळच्या दोंडाईच्याच्या. शाळेत असताना आठवीत संस्कृत की चित्रकला असं विचारलं गेलं, तेव्हा मास्तरांनी यांचं आडनाव बघून परस्पर चित्रकला लिहून टाकली. "तुला कशाला त्या भानगडी," असं म्हणाले म्हणे. तेव्हा बाईंनी पहिल्यांदा लक्षात ठेवलं. पुढे त्या विद्यापीठात संस्कृतला पहिल्या आल्या, पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच मास्तरांकडे गेल्या, आणि त्यांनी पेढा तोंडात घालेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. "संस्कृत मी प्रेमाने नाही शिकले," त्या सांगायच्या, "रागाने शिकले. प्रेम नंतर बसलं."

किरकोळ वैरंही त्या तितक्याच मन लावून जोपासायच्या. गल्लीच्या तोंडाशी एक किराणावाला होता. त्याने एकदा खवट शेंगदाणे दिले. परत करायला गेल्या तर म्हणाला, "बाई, आधी चाखून घ्यायचे होते." त्या दिवसापासून बाई त्याच्या अगदी समोरच्या दुकानातून शेंगदाणे घेऊ लागल्या. घराला लागून तिसरं दुकान होतं, तिथे जात नसत. समोरच्या दुकानाच्या पायरीवर, त्याला नीट दिसेल अशा उभ्या राहायच्या, एकेक दाणा चाखायच्या आणि समाधानाने मान डोलवायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी तो बिचारा रस्ता ओलांडून आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, झालं गेलं सोडा." बाईंनी पुढचा दाणा तोंडात टाकला.

पण हा सगळा हात चालता ठेवण्यापुरता सराव होता. खरं वैर एकच होतं, आणि ते भदाणेसरांशी.

भदाणेसर म्हणजे संस्कृतचे तेव्हाचे विभागप्रमुख. उंच, गोरे, पांढरा सफारी, आवाज असा की मागच्या बाकावरचा पेंगणारा पोरगाही जागा व्हावा. बाई नव्या नव्या नोकरीला लागल्या आणि पीएच.डी.साठी त्यांच्याच हाताखाली नाव नोंदवलं. विषय होता खांबखेड्याचा शिलालेख.

पारोळ्याच्या पुढे, बोरी नदीच्या काठी खांबखेडं आहे. गावाबाहेर चिंचेखाली पुरुषभर उंचीचा एक चौकोनी दगडी खांब उभा आहे. गाव त्याला खांबदेव म्हणतं. त्याच्या अंगावर बारीक संस्कृत अक्षरं कोरलेली आहेत हे गावाला ठाऊक होतं, पण देवाच्या अंगावर काय लिहिलंय याची चौकशी देवाकडे कोण करणार? बाईंनी ती केली. एका उन्हाळ्यात त्या रोज पहिल्या एसटीने जायच्या. दगड पाण्याने धुवायचा, त्यावर ओला कागद चिकटवायचा, कडक ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, आणि अर्धवट वाळला की शाईच्या बोळ्याने वरून हलके टिपायचं. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी कागद काळा होतो. याला ठसा म्हणतात. उन्हात कागद आधीच वाळून सुटायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. असे तीन बाजूंचे ठसे त्यांनी घेतले आणि वर्षभर बसून वाचले. कुणालाच माहीत नसलेलं एक अख्खं राजघराणं त्यातून वर आलं. आजा, बाप, मुलगा, नातू, कुणी कुणाला हरवलं, कुणी कुठे तळं बांधलं, सगळं श्लोकांत.

चौथी बाजू राहिली. कारण खांबदेवाचं तोंड त्या बाजूला, असं गाव मानतं, आणि तोंडाला शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्यांचा. तेलात कालवून थरावर थर दिलेला, बोटभर जाडीचा. बाईंनी गावच्या भगताला, धनाआबांना, विचारलं की थोडा खरडू का. आबा तेव्हा तरुण होते, पण देवाच्या बाबतीत म्हाताऱ्यासारखे बोलायचे.

"अक्का, आपन काढानं नही. हाऊ अंगरखा शे त्याना. तो सोताच उतारस."

"कवय उतारी, आबा?"

"त्यानं मन व्हई तवय."

हे खोटं नव्हतं. शेंदूर फार जाड झाला, त्यात उन्हाळा कडक लागला, की तो आपल्या भारानेच सुटतो आणि खोळीसारखा अख्खा खाली येतो. आबांच्या आजोबांनी एकदा पाहिला होता म्हणे. बाई म्हणाल्या ठीक आहे, आणि तीन ठसे आणि वाचन भदाणेसरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. सरांनी ते चाळलं, "उत्तम, उत्तम" म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

दीड वर्षाने जळगावला सरांच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं. 'बोरीतटाचे राजे', लेखक स्वतः भदाणेसर. तेच ठसे, तेच वाचन, तेच अर्थ. बाईंनी एका राजाच्या नावापुढे पेन्सिलीने केलेलं प्रश्नचिन्हसुद्धा तसंच छापून आलं होतं. प्रस्तावनेत शेवटी एक ओळ होती: 'ठसे घेताना कागद धरण्याच्या कामी कु. बैसाणे यांची मदत झाली.' सर बाईंना म्हणाले, "आता हा विषय झालाच. तुम्ही दुसरा घ्या."

तक्रार करा, असं त्यांना पुष्कळांनी सांगितलं. बाईंनी केली नाही. मी या कॉलेजात आलो तेव्हा ही गोष्ट जुनी झाली होती, तरी ऐकताना माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही मूग गिळून कशा बसलात?" त्यांनी पर्समधून ते पुस्तक काढलं. पर्समध्ये ते कायम असे. एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. तिथे लिहिलं होतं: 'स्तंभाची चौथी बाजू कोरी आहे.'

"कळलं?" बाई म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"हा माणूस खांबखेड्याला एकदाही गेलेला नाही. एकदा जरी गेला असता तरी 'शेंदराने झाकली आहे' असं लिहिलं असतं. त्याच्याकडे तीन कागद आले, म्हणून त्याने चौथी बाजू कोरी करून टाकली." मग त्यांनी चष्मा पुसला. "आणि ती कोरी असूच शकत नाही. प्रशस्ती अशी संपत नाही, चौधरी. आधी राजे, त्यांचे हत्ती, त्यांचे पराक्रम. आणि अगदी शेवटी, खांब कोणी उभा केला, श्लोक कोणी रचले, अक्षरं कोणी कोरली. काम कोणी केलं ते शेवटी असतं. या तीन बाजूंवर ते कुठेच नाही."

वर्गातही त्या पोरांना हेच पढवायच्या. लेख हातात आला की शेवट आधी बघा, काम केलेल्याचं नाव तिथे सापडेल. पोरांना वाटायचं बाई परीक्षेला येणारं सांगताहेत.

म्हणजे बाईंना फक्त शेंदूर गळायची वाट बघायची होती. पण नुसती वाट बघणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. दर वर्षी चैत्र पौर्णिमेला खांबदेवाची यात्रा भरते. बाई दर वर्षी जायच्या, आणि जाताना शेंदराचा डबा आणि तिळाच्या तेलाचा कॅन न्यायच्या. बाकीची माणसं चिमूटभर पुडी वाहायची, या डबा. आबा खूश होऊन दोन्ही हातांनी थापायचे. गावाला वाटलं, अक्काची खांबदेवावर भारी श्रद्धा. खरं कारण फक्त मला माहीत होतं. थर जितका जाड तितका तो लवकर सुटणार.

यावरून त्यांच्या भावाने एकदा मोठा वाद घातला. भाऊ जामनेरला शिक्षक होता, धम्माच्या कामात बुडालेला, सरळ माणूस. मी बाईंकडे बसलो होतो. टेबलावर शेंदराचा डबा होता.

"ताई, आपल्या घरात हे?" तो म्हणाला. "बाबांनी कशासाठी सगळं सोडलं? तू दगडाला शेंदूर फासतेस, आणि लोक मला विचारतात. काय सांगू त्यांना?"

"मी हात जोडत नाही," बाई म्हणाल्या.

"मग कशाला नेतेस?"

"भदाणेसाठी नेते. देवाचा यात काही संबंध नाही."

भावाने डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, "द्वेष बाळगू नये, हेही आपल्याकडे सांगितलंय."

"ते माझ्या लक्षात नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी एवढं एकदाच ऐकलं.

या सगळ्यात एकच भीती होती. शेंदूर गळायच्या आधी भदाणेसर गेले तर? निवृत्त होऊन ते जळगावला राहायला गेले होते, वय वाढत होतं, रक्तदाब होता. बाई दर सोमवारी मला विचारायच्या, "सरांची तब्येत कशी आहे?" माझा मेहुणा त्यांच्या शेजारी राहायचा, त्यामुळे मला बातमी असे. सरांना सर्दी झाली म्हटलं की बाईंचा चेहरा उतरायचा. मग लसूण चटणी, जवसाचे लाडू, बिनमिठाचे पापड असं काहीबाही माझ्यामार्फत जळगावला रवाना व्हायचं. आणि एकदा सरांना खरोखरीचा झटका आला. बाई तशाच उठल्या, एसटीने जळगावला गेल्या, मी बरोबर. दवाखान्यात सर नळ्या लावून पडले होते. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"सर, बरं व्हायचं हं," त्या म्हणाल्या. "अजून खूप काही बघायचं राहिलंय तुमचं."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे ते सगळीकडे सांगायचे, विद्यार्थिनी असावी तर बैसाणेसारखी. परतीच्या एसटीत बाईंनी डोळे मिटले आणि खिडकीला डोकं टेकवलं. मला वाटलं झोपल्या. "चौधरी," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "बायपास करायला हवी होती त्याची. गोळ्यांवर काय भरवसा?"

बाई निवृत्त झाल्या, मग मी झालो. शेंदूर मात्र आपला जागच्या जागी. मधे पुण्याचा एक संशोधक बाईंकडे खांबाची चौकशी करायला आला. बाईंनी त्याला पोहे दिले, चहा दिला आणि सांगितलं, "सरांच्या पुस्तकात आहे ना सगळं. उगाच कशाला उन्हात जाता?" तोही गेला नाही. त्यानेही आपल्या लेखात चौथी बाजू कोरी लिहिली. बाईंनी त्याचं नाव एवढ्या प्रेमाने घेतलं की मलाच त्याची कीव आली.

आणि मागच्या वर्षी, होळी होऊन आठवडा झाला नसेल, सकाळी बाईंचा फोन आला. "चौधरी, गाडी काढा." लगेच फोन ठेवलाही. मी पोचलो तेव्हा त्या ब्रश, कागदाची गुंडाळी आणि शाईचा डबा घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. पायात दोन वेगळ्या चपला होत्या. आबांनी फोन करून एवढंच सांगितलं होतं, "अक्का, देवनी अंगरखा उतारा."

खांबखेड्यात बठ्ठा, म्हणजे अख्खा गाव चिंचेखाली जमला होता. खाली शेंदराची ती अख्खी खोळ पडली होती, दोन तुकडे झालेली. खांबाची चौथी बाजू उघडी. आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत अक्षरं. शेंदराखाली राहिल्यामुळे काल कोरल्यासारखी कोरी करकरीत. बाकीच्या तीन बाजू ऊनपावसाने झिजल्या होत्या. ही एकच बाजू शेंदराने राखली होती.

बाई खांबापाशी गेल्या. गुडघे दुखत होते तरी खाली बसल्या आणि सगळ्यात शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट डावीकडून उजवीकडे सरकत गेलं, मग एकेक ओळ वर चढत गेलं. मग त्यांनी मान वळवली. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पाहिलं नाही.

"राणीने उभा केलाय," त्या म्हणाल्या. "नवरा मेल्यावर. त्याच्याच एका सरदाराने राज्य गिळलं होतं. तिने नवऱ्याचा सगळा वंश लिहून घेतला, म्हणजे त्या चोराला पुसता येऊ नये. खाली कवीचं नाव आहे. त्याच्या खाली कोरणाऱ्याचं." बोट थोडं वर नेऊन म्हणाल्या, "आणि जो कुणी दुसऱ्याने दिलेलं लुबाडील तो घाणीतला किडा होऊन जन्माला येईल, असंही आहे. ते सगळीकडेच असतं. पण इथे खोल कोरलंय."

भदाणेसरांच्या पुस्तकाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता. शेवटच्या राजाने स्वतःच्या वैभवाच्या दिवसांत हा खांब उभारला, असं त्यांनी ठासून लिहिलं होतं. तो डोलारा त्या सकाळी चिंचेखाली कोसळला. आम्ही ठसा घेतला. मी कागद धरला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण धरलेल्या कागदाचा मान काय असतो ते मला तेव्हा कळलं. फोनवर फोटो काढले, एक प्रत भावाकडे पाठवली, एक परगावच्या एका नियतकालिकाकडे. बाई या बाबतीत कच्च्या नव्हत्या.

योग असा की पुढच्याच आठवड्यात जळगावला भदाणेसरांचा पंचाहत्तरीचा सत्कार होता. 'बोरीतटाचे राजे'ची नवी आवृत्तीही त्याच दिवशी निघणार होती. बाईंना बोलायचं आमंत्रण होतंच, लाडकी विद्यार्थिनी म्हणून. हॉल भरलेला. शाल, श्रीफळ, फेटा. सर फेट्यात फार रुबाबदार दिसत होते. बाई माईकपाशी गेल्या आणि सरांचं कौतुक सुरू केलं. आवाज, शिस्त, सफारी, सगळ्याचं. लोक माना डोलवत होते. मग त्यांनी गुंडाळी उघडली.

"सर, जरा हे टोक धरता का?"

सरांनी हसत हसत धरलं. दुसरं टोक बाईंच्या हातात. मधे काळ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी.

"ही खांबखेड्याची चौथी बाजू," बाई म्हणाल्या. "ती कोरी आहे असं लिहून सरांनी इतकी वर्षं माझ्यासाठी राखून ठेवली. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आणि आज ठसा दाखवताना कागद धरण्याच्या कामी त्यांची मदत झाली."

सरांना वाचता येत होतं, त्यांचा तो अधिकार कुणी नाकारलेला नाही. ते उभ्या उभ्या वाचत गेले आणि फेट्याखाली त्यांचा चेहरा हळूहळू बारीक होत गेला. कागद सोडावा की धरावा हे त्यांना कळेना. मी पहिल्या रांगेत बसून हे सगळं पाहिलं, आणि मला मनापासून बरं वाटलं. कुणाला हे वाईट दिसेल तर दिसो.

शेवटी सर म्हणाले, "कागदाचं काय, कागद कसेही होतात. मी दगड स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही."

"जरूर बघा," बाई म्हणाल्या. "उद्या या, परवा या. पौर्णिमेला सकाळी यात्रेचा नवा शेंदूर चढतो. तोवर खांब उघडा आहे."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "बाई, तारीख कशाला सांगितलीत? तो उद्याच जाईल."

"नाही जाणार," त्या म्हणाल्या. "ऊन आहे."

पौर्णिमेला अजून बरेच दिवस होते. सर आले नाहीत. पौर्णिमेच्या सकाळी आम्ही खांबखेड्याला पोचलो, तेव्हा त्यांचा मला फोन आला, निघालोय, एक फोटोग्राफरही बरोबर आहे. मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

अंगरखा उतरल्यावर पहिलं बोट कुणाचं, यावर गावात दोन दिवस खल झाला होता. आबांनी निर्णय दिला होता, सगळ्यात जास्त शेंदूर जिने वाहिला तिचं. कुणीतरी बाईंच्या आडनावाची कुजबूज केली, तेव्हा म्हातारे आबा काठी आपटून म्हणाले, "देवना अंगवर बठ्ठासना हात चालतस." कुजबूज तिथेच थांबली.

चिंचेच्या शेंड्यावरून ऊन खांबावर उतरलं. शेंदूर चढवायची तीच वेळ होती. बाईंपुढे शेंदराचं ताट धरलं होतं. तेवढ्यात पारोळ्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर धूळ उठली आणि धुळीत एक पांढरी गाडी दिसली.

"अक्का, सायेबनी गाडी ई रायनी," आबा म्हणाले. "थांबूत का?"

बाईंनी धुळीकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

"नको आबा," त्या म्हणाल्या. "देवले उनमा कितला येळ उघडा ठेवो?"

आणि तेलात कालवलेल्या शेंदरात बोट बुडवून त्यांनी शेवटच्या ओळीवर लावलं. मग गाव पुढे झालं. दहाबारा हात एकदम लागले. कवीचं नाव गेलं, राणीचं गेलं, किड्याचा शाप गेला. गाडी चिंचेखाली येऊन थांबली तेव्हा खांबाचं तोंड वरपासून खालपर्यंत लालभडक झालं होतं आणि तेल पायथ्याशी ओघळत होतं.

भदाणेसर काठी टेकत उतरले. तीन बाजूंवरून नजर फिरवत, वळसा घालून चौथ्या बाजूला आले. दगड आणि ते, असे पहिल्यांदाच समोरासमोर उभे होते. त्यांनी हात पुढे केला, पण ओल्या शेंदराला लावायचं धाडस झालं नाही.

"हा तर शेंदूर आहे," ते म्हणाले.

"हो सर," बाई म्हणाल्या. "तेव्हा एकदा आला असतात, तर पुस्तकात तुम्ही हेच लिहिलं असतंत."

फोटोग्राफरने कॅमेरा काढला आणि कशाचा फोटो घ्यायचा ते न कळून पुन्हा ठेवून दिला.

पलीकडे पंगत बसली होती. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. बाई जाऊन गावातल्या बायांच्या रांगेत मांडी घालून बसल्या. शेंदराचं बोट वर उचलून उरलेल्या बोटांनी त्यांनी बट्टी कुस्करली, वर वरण ओतून घेतलं, तूप मागितलं, आणि जेवायला लागल्या. वाढप्या दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यांनी ताट पुढे केलं. तिसऱ्यांदाही केलं. खांबापाशी भदाणेसर अजून उन्हात उभे होते. त्यांना कुणीतरी जेवायला बोलवावं का, असं मी बाईंना विचारलं. बाई तोंडातला घास नीट चावत होत्या. तो गिळून झाल्यावर त्यांनी भाजी वाढणाऱ्याला हाक मारली.